बंद खोलीतले चार तास

कारखान्यात सेफ्टीचं काम करताना मी कामगारांकडून एकच पाढा घोकून घ्यायचो: हवेत विषारी वायू किती, आणि तुम्ही त्यात किती वेळ. थोडासाच असला तरी तासन्‌तास छातीत गेला, तर तो एका मोठ्या भपकाऱ्याइतका महागात पडू शकतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तो पाषाण मीच.

आईबाबा गावाहून आमच्या करंजाड्याच्या फ्लॅटवर राहायला आले ते शेतातल्या तांदळाची पोती घेऊनच. विकतचा तांदूळ खाणं बाबांना नामुष्कीचं वाटायचं. पोती छोट्या खोलीत रचून त्यांनी किडीसाठी त्यात नेहमीच्या, विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्या टाकल्या. मी कुरकुरलो, तर म्हणाले, "चाळीस वर्सं टाकतोय. कोनाला काय झालं नाय."

गावचं घर कौलारू, चारी बाजूंनी वारा. इथे काचा बंद आणि एसी चालू. एवढं मला कळत होतं, तरी बापाशी वाद नको म्हणून गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा मला आजही संताप येतो.

दुसऱ्या दिवशी बाबा साडेबाराला जेवून त्याच खोलीत आडवे झाले आणि आई ओवे गावात नात्यातल्या हळदीला गेली. मी तीनला ड्युटीवरून आलो. लसणासारखा वास येत होता. वाटलं, आईने चटणी वाटली असेल. त्या गोळ्यांच्या वायूलाही तसाच वास येतो, हे डोक्यातच आलं नाही. बाबांची झोपमोड नको म्हणून दार न उघडता टीव्ही लावून बसलो. साडेचारला चहा घेऊन आत गेलो, तर त्यांना उलटी झालेली, हातपाय गार, हाकेला नुसतं हुं.

बाबा वाचले, हे आधीच सांगून टाकतो. जिना चढताना अजून धाप लागते. पण त्या संध्याकाळी दवाखान्यात कशाचीच खात्री नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ होते त्या खोलीत?"

आई हळदीच्या साडीतच धावत आली होती, माझ्या शेजारी उभी होती.

"अडीच तास," मी म्हणालो. मी घरी असतानाचा दीड तास सरळ गिळून टाकला.

डॉक्टर वळले आणि मला स्वतःची किळस आली. त्यांच्या मागे धावलो. "चार तास, डॉक्टर. शेवटचा दीड तास मी घरातच होतो."

त्यांनी कागदावर दुरुस्ती केली आणि ते आत गेले. आई माझ्याकडे बघत राहिली.

"तू घरात व्हतास?"