बगळ्याचं तिकीट

भोरच्या शाळेत मुलांसाठी पांढऱ्या पोस्टर कलरची बाटली उघडली. तो ओलसर, खडूसारखा वास नाकात शिरला आणि मी थेट माझ्या गावी, पासलीच्या भातखाचरात जाऊन पोचले.

मी तेव्हा सातवीत होते. टपाल तिकिटासाठी चित्र काढण्याची स्पर्धा होती आणि विषय होता उड्डाण. वर्गात सगळे विमान काढत होते. सर मला म्हणाले, "तूही विमानच काढ. बगळ्याला कोण बक्षीस देणार?"

"सर, इमान म्या जवळून पायलंच न्हाई. मी बगळाच काढनार."

पण उडताना बगळा पाय कुठं नेतो, तेच मला कागदावर जमेना. बांधावर बसून मी टक लावून बघायची, तरी पापणी लवेपर्यंत तो वर गेलेला असायचा. आई खाली खाचरात लावणी करत होती. तिला अडचण सांगितली. वाटलं, आता ओरडेल. तिनं हातातली रोपं ठेवली, लुगडं वर खोचलं आणि गुडघाभर चिखलातून बगळ्यांच्या मागं निघाली. टाळी वाजली, पांढरे पंख उघडले.

बक्षीस विमानालाच मिळालं. मी खूप रडले होते. आज मात्र ते कोणाच्या विमानाला मिळालं, हेही आठवत नाही. दिसते ती कमरेपर्यंत चिखलानं माखलेली, धापा टाकणारी आई.

"दिसलं का गं?"

"न्हाई, आये. लई लवकर गेला."

"मग बस तितंच. दुसरा उडवते."