चाक हलवून बघणारे भावोजी

ठाण्यापासून कल्याणपर्यंत त्या काळात ज्याच्याजवळ म्हणून मोटारसायकल होती, त्याच्या मागच्या चाकाला आमच्या भावोजींचा हात लागला नाही, असं झालंच नसेल. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. डोंबिवलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. धोतर, कोट, काखेत छत्री आणि कोटाच्या आतल्या खिशात एक लाकडी फूटपट्टी. एरवी इतके मुखदुर्बळ की दुकानदाराने शिळा पाव दिला तरी मुकाट्याने घेऊन येतील. पण रस्त्याच्या कडेला मोटारसायकल उभी दिसली, की हा माणूस धोतराचा सोगा सावरत धावत सुटायचा. मालकाशी ओळख असायची गरज नसे. "जरा स्टँडवर घेता का?" असं इतक्या अजिजीने विचारायचे, की समोरच्याला नाही म्हणवत नसे. मग रस्त्यातच उकिडवे बसून चाक वरून आणि खालून धरायचे, हलवून बघायचे, गरगर फिरवायचे, आणि फूटपट्टीचं एक टोक आसाला, दुसरं आपल्या कानाला लावून डोळे मिटायचे. आसाभोवती पोलादी गोळ्यांचं जे कडं असतं, त्या बेअरिंगचा आवाज त्यांना त्या लाकडातून ऐकू यायचा. "कुरकुरतंय," असं ते म्हणाले, की मालकाची सुटका नसे.

नौपाड्यात त्यांनी एकदा चक्क एका फौजदाराला अडवलं. तो कुणाच्या तरी मागावर निघालेला. हे आपले चाकाला बिलगून. "साहेब, चोर काय, संध्याकाळीही सापडेल. आधी एवढं ग्रीस बदला," असं म्हणाले. फौजदाराने काठी उगारली नाही ती केवळ यांच्या पांढऱ्या केसांमुळे. दुसऱ्या एका वेळी डोंबिवलीजवळच्या गावात मिठागरवाल्या जमीनदाराचा मुलगा नवीकोरी मोटारसायकल घेऊन स्वतःच्या लग्नाला निघाला होता. मांडवात अक्षता घेऊन माणसं ताटकळलेली, बँडवाले वाजवून वाजवून घामाघूम, आणि नवरदेव मुंडावळ्या बाजूला सारून हात जोडतोय, "मास्तर, सोरा ना चाक! लगीन लागाचा हाय माजा!" भावोजी खालूनच म्हणाले, "लागेल रे, लागेल. येताना बायको मागे बसणार ना? मग थांब जरा." लोक त्यांना चाकमास्तर म्हणायचे आणि पोटभर हसायचे. मी मात्र तिथून हळूच निघून जायचो.

कारण एके काळी त्यांच्याकडेही मोटारसायकल होती. लढाई संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेली, हिरव्या रंगाची, आवाजाने पाळण्यातली पोरं जागी करणारी. तिचं त्यांना भारी कौतुक. दर दसऱ्याला दोन्ही चाकं उतरवायचे, बेअरिंग रॉकेलने धुवायचे, नवं ग्रीस भरायचे आणि मगच झेंडूची माळ घालायचे. त्या वर्षी दसऱ्याला ते आणि ताई आमच्याकडे नौपाड्याला आले होते. अंगणात सगळा पसारा मांडलेला. आईने ग्रीसचा डबा हुंगला आणि पदर नाकाला लावला.

"जावईबापू, ही कसली चरबी? सणासुदीला माझ्या अंगणात नाही हो चालायची."

"आई, ती चरबी नाही, वंगण आहे."

"मग एरंडेल घाला की! लेकरांच्या पोटाला चालतं, तुमच्या चाकाला काय धाड भरलीय?" असं म्हणत आईने आतून बाटलीच आणली. ताई हसून हसून दमली. "घाला हो, आईचं मन कशाला मोडता?" म्हणाली. भावोजींनी एरंडेल घातलं. डोंबिवलीला गेल्यावर ते काढून ग्रीस भरायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं. पण माणूस भलता सरळ. मी आठवण करून दिली तर म्हणाले, "दिवाळीला आईंनी विचारलं तर खोटं बोलू का? दिवाळी होऊ दे."

तेल ते तेल. चार दिवसांत ओघळून गेलं असणार. दिवाळीच्या आधीच्या संकष्टीला दोघं टिटवाळ्याच्या गणपतीला निघाली. कल्याण सोडल्यावर ताई मागून म्हणाली, "अहो, काहीतरी कुरकुरतंय." भावोजी म्हणाले, "पोचलो की बघू." देऊळ काही फार लांब नव्हतं. त्याच्या अलीकडेच मागचं चाक जागच्या जागी जाम झालं. भावोजींचं कोपर खरचटलं. ताई खडीवर डोक्यावर पडली. ती पुन्हा बोललीच नाही.

गाडी आणायला मी गेलो होतो. लोहाराने चाक उघडलं तेव्हा जळक्या एरंडेलाचा वास आला. ते कडं काळंठिक्कर पडलं होतं. मी घरी आलो, तर आई भावोजींच्या पुढ्यात बसलेली. ती विचारत होती, "माझ्या एरंडेलाने तर नाही ना झालं?" खोटं बोलावं लागू नये म्हणून ज्याने चाकाला हात लावला नव्हता, तो माणूस क्षणभरही न थांबता म्हणाला, "छे हो! ते मी घरी गेल्याच दिवशी पुसून काढलं. ग्रीस भरायचं राहिलं. आळस केला."

 आईने तेव्हा जे तोंड उघडलं, ते मरेपर्यंत मिटलं नाही. दर रविवारी भावोजी आमच्याकडे जेवायला यायचे, आणि आई वाढता वाढता बोलायची. "एवढ्याशा कामाचा कंटाळा केलात आणि माझी सुमन नेलीत!" हे मान खाली घालून भात कालवायचे. पाहुण्यांदेखत बोलायची, सुनेदेखत बोलायची. एकदा मला असह्य झालं. "आई, अगं—" एवढंच मी म्हणालो, तर भावोजींनी पानावरून उठून उष्ट्या हाताने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की दुखलं.  आई रागावर जगली. नाहीतर ती ताईच्या मागोमागच गेली असती, असं मला आजही वाटतं.

आईचे दिवस झाल्यावर आम्ही दोघे ओसरीवर बसलो होतो. मी म्हटलं, "भावोजी, आता तरी खरं बोलायला हरकत नाही. मोकळे झालात तुम्ही."

ते छत्रीची मूठ चोळू लागले. "मोकळा कसला रे," म्हणाले. "कुरकुरतंय म्हणून तिने सांगितलं होतं, तरी मी थांबलो नाही, ती चूक तर माझीच ना? आणि आई बोलायच्या, त्यात तिचं नाव तरी निघायचं घरात. आता कोण काढणार?"

पुढच्या रविवारी ते नेहमीसारखे आले. माझ्या बायकोने पानं वाढली. स्वयंपाकघरात कुणीच काही बोलेना. भावोजी भातावर वरण घेऊन नुसते बसले होते, हात पुढे होत नव्हता. मला आईसारखं रागावता आलं नसतं. मी आपलं उगाच म्हटलं, "सुमनताईला लहानपणी वरण मुळीच आवडायचं नाही. मांजरीला पाजायची."

भावोजींनी मान वर केली. "हं," ते म्हणाले, "पुढे?" आणि जेवू लागले.