झोंबलं म्हणजे वास आला नव्हे

डॉक्टरांनी माझे डोळे बांधून एकेक बाटली नाकाशी धरली. गुलाबपाणी, कॉफी, रॉकेल. मला काहीच कळेना. चौथ्या बाटलीनं मात्र नाक झणझणलं, डोळ्यांत पाणी आलं.

"आला!" मी ओरडलो.

"ये खुशबू नहीं, भाऊ, जलन है," गोंदियाचे ते डॉक्टर म्हणाले. "ॲनॉस्मिया. म्हणजे तुमचा वास गेला."

माझं अवसानच गळालं. आमगावकडे आमची चिन्नोराची शेती, म्हणजे सुवासिक धानाची. कापणीआधी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरून पान चुरगळून हुंगायचं, वासाच्या झाडाला दोरा बांधायचा, पुढच्या सालचं बियाणं त्याचंच. हे काम घरच्या कर्त्या पुरुषाचं, असा रिवाज. निवड चुकली की दोन-तीन सालांत चिन्नोर नावालाच उरतं.

दिवाळीआधी मला इन्फ्लुएन्झा झाला, म्हणजे साथीचा ताप. आठवड्यानं उतरला. जेवण मातीसारखं लागे, पण फोडणीत मिरची पडली की ठसका लागायचा. त्यावरून मी ठरवलं, नाक शाबूत आहे. आणि बांधीत जाऊन खुशाल दोरे बांधून आलो.

माझी बायको शांता, तिनं मागाहून पान चुरगळून पाहिलं.

"वास तं नाई येऊन राह्यला. दोरा कायले बांधला?"

"तुले काय समजते?" मी खेकसलो. तिला खोटं पाडायलाच दुसऱ्या दिवशी गोंदियाची गाडी धरली.

डॉक्टरांनी समजावलं. वासाच्या वस्तूतून डोळ्याला न दिसणारे कण उडतात, श्वासाबरोबर नाकाच्या पार वर जातात. तिथं नखाएवढी ओलसर त्वचा असते. कण त्या ओलीत विरघळून मज्जातंतूंच्या केसासारख्या टोकांना भिडतात, आणि निरोप मेंदूला जातो. हीच ऑलफॅक्टरी नर्व्ह, वासाची शीर. मिरची झोंबते ती वेगळ्या शिरेनं. माझी पहिली शीर तापानं मारली होती, दुसरी जागी होती.

"कोणता कण कसा ओळखला जातो, ते आम्हालाही नीट ठाऊक नाही," ते म्हणाले.

"परत येईल?"

"काहींचा येतो, काहींचा नाही. माझ्याकडे औषध नाही."

कापणीला चार दिवस उरले होते. गाडीत मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. वडिलांनी सोपवलेलं बियाणं माझ्याच हातून बुडणार होतं.

घरी येऊन शांताला सगळं सांगितलं. वाटलं, आता ऐकवेल. तिनं पदर खोचला. "चला बांधीत."

पुढचे चार दिवस ती पान चुरगळी, हुंगे. "हे नोको. हे बांधा." मी जुने दोरे सोडी, नवे बांधी. माझ्या बांधलेल्यांतली निम्मी झाडं तिनं काढून टाकली.

सर्दी-तापानंतर कुणाला असं झालं, तर मिरचीवर विसंबू नका. घरातल्या दुसऱ्या नाकाला विचारा, आणि ते सांगेल ते ऐका.

माझा वास परत आला नाही. चिन्नोर मात्र टिकलं. आता गावकरी बियाणं मागायला येतात, ते शांताचं नाव घेत. ती निवडून देते, मी पोत्याचं तोंड धरून उभा राहतो.