पिवळ्या मुठीचा पाना

सनाचा फोन आला तेव्हा मी देवरूखला शाळेच्या स्टाफरूममध्ये सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो. "काका, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. अशा वेळी माणूस काय विचारतो? कधी, कसं, तुझ्याजवळ कोण आहे... मी विचारलं, "गाडीत होता?" ती म्हणाली, "नाही काका, यार्डात. होडी घासत होते, तिथेच खाली बसले आणि..." पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं. लहानपणापासूनचा मित्र गेल्याची बातमी कानात शिरते आहे आणि मला हायसं वाटतंय, की गाडीत नव्हता! त्या क्षणाची लाज अजून गेलेली नाही. ते हायसं का वाटलं, ते सांगितल्याशिवाय हनीफबद्दल मला काहीच लिहिता येणार नाही. त्याच्या घरच्यांना सगळं आधी सांगून झालंय, म्हणून इथे लिहितो आहे.

हनीफ आणि मी रत्नागिरीत एका बाकावर बसलो. गणिताच्या तासाला तो माझ्या वहीत बघायचा आणि सुतारकामाच्या तासाला मी त्याच्या हाताकडे. मी पुढे गणिताचाच शिक्षक झालो, पण त्याने मला 'मास्तर' हे नाव सातवीतच चिकटवलं होतं. तो आखातात गेला, तिथल्या एका यार्डात फायबरच्या होड्या बांधायला शिकला, आणि बारा वर्षांनी परत येऊन त्याने भाट्याच्या खाडीलगत घराला लागूनच स्वतःचं यार्ड टाकलं. आखातातून लोक सोनं आणतात, अत्तर आणतात. हा एक वेड घेऊन आला. तिथे सुट्टीच्या दिवशी कुठल्याशा ट्रॅकवर साधी माणसं आपापल्या गाड्या पळवतात, शर्यत नाही, बक्षीस नाही, नुसतं स्वतःला आणि गाडीला तपासून बघणं, ते त्याने पाहिलं होतं. गोव्यात कुणाच्या तरी फणसाखाली फायबरच्या बॉडीची, दोन सीटची एक जुनी छोटी गाडी सडत पडल्याचं त्याला कळलं, आणि आठवड्याभरात ती टेम्पोत बसून यार्डात हजर. आत मुंग्यांचं वारूळ होतं. मी म्हटलं, "हनीफ, हिचं काय करणार?" तर म्हणाला, "मास्तर, ही गाडी नाय. चाकं लावलेली होडी हाय. होडी मला कळते."

आणि खरंच, गाडी त्याने होडीसारखीच केली. इंजिन दुसऱ्या गाडीचं बसवलं, स्प्रिंगा बदलल्या, डोक्यावर लोखंडी नळ्यांचा पिंजरा उभा केला, पण त्याचा खरा जीव वजन कमी करण्यात. धक्क्यावरून मासळी तोलायचा हुकाचा काटा आणून त्याने तो छताला टांगला होता. गाडीतून काढलेली प्रत्येक वस्तू आधी काट्याला लागायची. गालिचा, काच वर-खाली करायची मशीन, दाराचं अस्तर, डिकीचं झाकण... सुरमई तोलावी तसं हनीफ ते सगळं तोलायचा आणि आकडा खडूने भिंतीवर लिहायचा. बॉनेट तर त्याने स्वतः साच्यात फायबर थापून केलं, इतकं हलकं की सना एका हाताने उचलायची. "होडी काय नि गाडी काय, जड झाली का मनासारखी वळत नाय," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्यानंतर माझ्या पोटाकडे एक नजर. "तू बाजूला बसलास का माझी सहा महिन्यांची मेहनत फुकट, मेल्या." मी म्हणायचो, मग बसवतोस कशाला. पण बसवायचा. वर्षातून तीन-चारदा गाडी टेम्पोवर चढवून आम्ही निघायचो. मी देवरूखहून हातखंब्याला येऊन थांबायचो, तिथे टेम्पोचे पट्टे पुन्हा ओढून बघायचे, चहा घ्यायचा आणि घाट चढून वरच्या ट्रॅकवर जायचं.

तिथे मला एकच काम होतं. ट्रॅकसाठी गाडीचे टायर वेगळे असतात, त्यामुळे पोचल्यावर चारही चाकं बदलावी लागतात. हनीफ नट हाताने बसवायचा. मग टॉर्क पाना घेऊन मी प्रत्येक नट आवळायचा. हा पाना मोठा प्रामाणिक असतो. जेवढा जोर ठरवून द्यावा तेवढा लागला की हातात 'कट्' असं वाजतो. कट् वाजलं की होडीच्या पिवळ्या रंगात बुडवलेल्या ब्रशने नटावरून चाकावर एक रेघ ओढायची. नट जरा फिरला तरी रेघ मोडते आणि लांबूनही दिसते. हनीफचा नियम होता, जो नट लावतो त्याने रेघ ओढायची नाही. स्वतःचा पेपर स्वतः तपासायचा नाही, असं तो मला ऐकवायचा. गाडीत बसण्याआधी तो चारही बाजूंनी एक फेरी मारायचा, सोळा पिवळ्या रेघा बघायचा आणि हेल्मेट चढवायचा. पान्याला तो पुन्हा हात लावत नसे. मास्तरने रेघ ओढली म्हणजे विषय संपला.

पाच वर्षांपूर्वीची ती सकाळ. त्या दिवशी आम्हाला पोचायलाच उशीर झाला होता. तीन चाकं माझी आवळून झाली. चौथ्याकडे, मागच्या उजव्या चाकाकडे वळलो, तर हनीफ गाडीत डोकं घालून म्हणाला, "मास्तर, पाना दे जरा, सीट हलतीय." दिला. तो सीटचे बोल्ट आवळत बसला. तेवढ्यात भोंग्यावरून आमच्या गटाची हाक झाली, शेजारच्या गाड्या सुरू झाल्या, आणि मी ब्रश हातात घेऊन त्या चाकासमोर उकिडवा बसलेला. पाना मागून घ्यायला हवा होता. चार कट्, दोन मिनिटंसुद्धा लागली नसती. पण ज्याने कधी पेपरांचे गठ्ठे तपासलेत त्याला कळेल. शेवटचे चार पेपर उरतात, पोरगं हुशार आहे हे माहीत असतं, आणि लाल पेन आपोआप बरोबरच्या खुणा करत सुटतं... मी हाताने नट चाचपले. घट्ट वाटले. चार रेघा ओढल्या आणि उठलो.

हनीफने पाना डब्यात टाकला, फेरी मारली, रेघा बघितल्या आणि मला अंगठा दाखवून गेला. पहिली फेरी गेली. दुसऱ्या फेरीला तो समोरून गेला तेव्हा मागचं चाक मला किंचित झुलल्यासारखं वाटलं. उन्हामुळे असेल, असं मी मनाशी म्हटलं. तरी कठड्याकडे धावलो, झेंडा हातात असलेल्या माणसाला ओरडून सांगू लागलो, त्याला इंजिनांच्या आवाजात काही कळेना. मी त्याचा हात धरला. त्याने झटकला. तिसऱ्या फेरीत डावीकडच्या लांब वळणावर गाडीचा मागचा कोपरा एकदम खाली बसला, ठिणग्या उडाल्या, आणि तिचं चाक तिच्याआधीच पुढे पळत सुटलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गाडी स्वतःभोवती दोनदा फिरली, खडीत घुसली आणि धूळ उठली. त्या धुळीत काही दिसेना. मी किती वेळ पळत होतो देव जाणे. पोचलो तेव्हा गाडीचं नाक भिंतीपासून हातभर अंतरावर होतं आणि हनीफ पट्टे सोडत होता. मनगट मुरगळलं होतं, बाकी काही नाही. मला बघून म्हणाला, "मास्तर, तू धावतोस? आता पोट उतरेल."

ट्रॅकवरच्या अधिकाऱ्याने तिथेच विचारलं, "चाकाचे नट कोणी तपासले होते?" माझ्या शर्टाच्या बाहीला पिवळा रंग लागलेला. मी तोंड उघडलं... आणि हनीफ म्हणाला, "माझ्याकडून राहिलं, साहेब. माझी चूक." त्या हंगामात पुन्हा यायचं नाही, असं त्याला सांगण्यात आलं. सर्वांदेखत. त्याने मान हलवली. मी गप्प राहिलो. याला दुसरं नाव नाही, भित्रेपणाच तो. परतीच्या वाटेवर सांगू म्हटलं, हातखंब्याला सांगू म्हटलं, आणि हनीफच्या घरी पोचलो तर जुबेदाभाभी दारात उभ्या. त्याच्या मनगटाची पट्टी बघून त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही बरोबर असता म्हणून मी ह्यांना सोडते. नायतर ती गाडी मी खाडीत ढकलली असती." मग त्यांनी ताट वाढलं आणि मी जेवायला बसलो.

प्रश्न एकच होता, आणि तो मला पाच वर्षं खात राहिला. त्याला माहीत होतं का? पाना तर त्याच्याच हातात होता. जरा आठवलं असतं तर कळलं असतं, की मास्तरने चौथं चाक कशाने आवळलं? त्याने कधी विचारलं नाही. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा जायला लागलो तेव्हा त्याने न बोलता ब्रश माझ्याच हातात दिला. डब्यात एक नवा टॉर्क पानाही होता, मुठीला होड्यांचा पिवळा रंग लावलेला. त्यावर हनीफच्या वेड्यावाकड्या अक्षरात 'मास्तर' असं लिहिलेलं. "हा तुझा. ह्याला कोणी हात लावायचा नाय, मी पण नाय," असं म्हणाला. मी हसलो. मित्राचा लाड म्हणून घेतला. नंतर मी एकेक नट तीनतीनदा तपासायचो. तो हेल्मेट घालून ताटकळायचा आणि म्हणायचा, "झाला काय रे निकाल?" प्रत्येक वेळी तो ट्रॅकवर असेपर्यंत मी त्या मागच्या उजव्या चाकावरून नजर काढत नसे. तो परत येऊन इंजिन बंद करायचा तेव्हा मला वाटायचं, आज सांगू. मग चहा यायचा.

तो गेल्याला चाळीस दिवस झाल्यावर सनाने मला बोलावलं. ती पुण्याला इंजिनिअर आहे, गाडी तिच्या बापाइतकीच तिला कळते. डिसेंबरच्या ट्रॅक डेला तिला गाडी न्यायची होती, स्वतः चालवायची होती. शेडमध्ये गाडी तशीच उभी होती. भिंतीवर खडूचे आकडे, छताला काटा, आणि फायबरच्या रेझिनचा तो नाकात बसणारा वास. भाभी नवरा गेल्यावरच्या इद्दतीत होत्या, त्यामुळे समोर येत नव्हत्या. घराचं दार शेडमध्येच उघडतं, त्या दाराच्या पडद्याआडून बोलत होत्या. "सना ऐकत नाय, मास्तर. मी म्हटलं, मास्तर तपासणार असतील तर जा. तुम्ही तपासाल ना?" सनाने खिळ्यावरचा पिवळ्या मुठीचा पाना काढून माझ्यासमोर धरला.

माझा हात पुढे होईना. हनीफच्या जिवावर मी एकदा रेघ ओढली होती, आता पोरीच्या जिवावर त्याच तोंडाने कशी ओढू? तिथेच उभ्याने सगळं सांगितलं. सीट, भोंगा, चार रेघा, अधिकाऱ्यासमोरचं माझं गप्प राहणं... सगळं. सना माझ्याकडे बघत होती, नंतर तिने नजर चाकाकडे नेली. पण मला भीती होती ती पडद्यामागच्या माणसाची, आणि पडद्याला चेहरा नसतो. आत कुकरची शिटी झाली, कोणीतरी गॅस बंद केला, पावलं पुन्हा दाराशी आली.

"त्यांना माहीत होतं," भाभी म्हणाल्या. "त्याच दिवशी मला बोलले. म्हणाले, मास्तरच्या हातातून पाना मी काढून घेतला, म्हणून झालं. माझीच चूक. म्हणून तर दुसरा आणला." आणि मी ज्याला लाड समजत होतो, तो पाना सनाच्या हातात होता. 'ह्याला कोणी हात लावायचा नाय, मी पण नाय.' चार वर्षं तो माझ्या हातात होता आणि मला त्याचा अर्थ कळला नव्हता. मी रडलो, हे लिहायला लाज वाटत नाही. पण भाभींचं बोलणं संपलं नव्हतं. "मी तुमच्या भरवशावर त्यांना सोडत होते, मास्तर. त्यांनी माफ केलं असेल. पण तुम्ही मला सांगायला पाहिजे होतंत. पाच वर्षं तुम्ही माझ्या हातचं जेवलात."

मी निघायला वळलो. दोन पावलं गेलो असेन, तर मागून भाभींचाच आवाज आला, तोच कोरडा. "जाताय कुठे? चारही चाकं बघून जा. पाना तुमचाच हाय, तो त्यांनी दिलेला हाय, तो मी काढून घेणार नाय. पण ब्रश आता सनाकडे राहील."

मी पाना घेऊन मागच्या उजव्या चाकापाशी उकिडवा बसलो. गुडघे बोलायला लागलेत आता. पहिला नट, कट्. दुसरा, तिसरा, चौथा. सनाने माझ्या हातातला पाना न मागता खिळ्यावरचा हनीफचा जुना टॉर्क पाना काढला, शेजारी येऊन बसली, माझ्यामागे चारही नट पुन्हा वाजवून बघितले, आणि मग पिवळ्या रंगात ब्रश बुडवला.