एकही पडत नाही

माझा काका परांच्या बांधायचा. इमारतीचं काम चालू असताना बाहेरून लोखंडी नळ्यांचा आणि फळ्यांचा जो सांगाडा उभा करतात, तो. उंचीची भीती त्याला ठाऊकच नव्हती.

काकूला जुन्या अमेरिकी नाचगाण्यांच्या चित्रपटांचं वेड. सुट्टीच्या दुपारी टीव्हीवर ते काळे-पांढरे चित्रपट लागले की मीही शेजारच्या आमच्या घरातून तिच्याकडे पळायचे. म्हणायला गोष्ट एका नाटक कंपनीची. पण पडदा वर गेला की रंगमंचाचं मैदान व्हायचं. शंभर मुली, तितकेच पांढरे पियानो, गरगर फिरणारा जिना, मध्येच कारंजी! कॅमेरा छतावर गेला की त्या मुलींचं फूल व्हायचं आणि पाकळ्या मिटायच्या-उघडायच्या.

"अगं, खुर्चीतल्या लोकांना हे वरून कसं दिसतंय? छताला लटकलेत की काय?" काका विचारायचा. "आणि एवढा जिना उभा कशावर आहे?"

"तुम्ही गप्प बसा हो. हौसेला मोल नसतं आणि त्या जिन्याला परांची नसते."

काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा. नावं ठेवायचा, पण जागचा हलायचा नाही.

मग लांब्या गेला. मिसरूड फुटल्यापासूनचा काकाचा कामातला जोडीदार. चौथ्या मजल्यावरून पडला तेव्हा काका त्याच्या शेजारीच होता. हात पुढे केला, तो रिकामाच राहिला.

त्यानंतर काका कामावर गेला नाही. दिवा बदलायला तो स्टुलावरही चढेना. काकूकडच्या डिस्क लावून तो दिवसभर तेच चित्रपट बघत बसायचा. आता खुसपटं काढायचा नाही. "बघ," मला म्हणायचा, "एवढ्या उंच चढल्यात, पण एकही पडत नाही." हे म्हणताना त्याचा चेहरा निवायचा. बाहेर मात्र कुजबुज सुरू झाली : दोस्त मेला आणि हा नाचगाणी बघतोय. काकू ते ऐकायची आणि खिडकी लावून घ्यायची.

अपघाताच्या चौकशीच्या आदल्या दिवशी मुकादम घरी आला. टीव्ही चालूच होता.

"लांब्यानं कमरेला सुरक्षेचा पट्टा लावला नव्हता, एवढंच सांग," तो म्हणाला. "मेलेल्याला काय फरक पडतो? काम बंद पडलं तर सगळ्यांच्या पोटावर पाय येईल."

काका पडद्याकडेच बघत राहिला. मुकादम चहा तसाच ठेवून निघून गेला.

पडद्यावर जिना फिरत होता. काकानं अचानक चित्र थांबवलं, मागे नेलं, पुन्हा लावलं. "ही बघ. मागच्या रांगेतली."

तिचा पाय सटकला होता. तिनं शेजारणीचा दंड घट्ट धरला, तोल सावरला. चेहऱ्यावरचं हसू तसंच.

"हसतच राहायला सांगितलं असणार तिला," काका म्हणाला आणि त्यानं टीव्ही बंद केला.

"अहो, संपला नाही अजून," काकू म्हणाली.

"पुरे झालं."

दुसऱ्या दिवशी चौकशीत तो सरळ बोलला. "पट्टा लावला होता. ज्या नळीला तो अडकवला, तीच निसटली. ती जोडणारा चिमटा झिजलाय हे मी मुकादमाला सांगितलं होतं. 'एवढं उरकू, मग बघू,' म्हणाला. आणि माहीत असून आम्ही दोघं वर चढलो."

मुकादमाची नोकरी गेली, काम बंद पडलं. बरोबरीचे गडी रस्त्यात काकाला बघून मान फिरवू लागले. त्यांच्याही घरी चूल पेटायची होतीच. काका त्यांना दोष देत नसे.

पुढे एका सकाळी लांब्याची बायको आली. दारातच उभी राहिली.

"भावजी, एक विचारू? पडताना ओरडले का हो ते?"

काकूनं काकाकडे पाहिलं. नाही म्हणा, असं तिचे डोळे सांगत होते.

"हो," काका म्हणाला. "माझं नाव घेऊन."

तिनं दाराची चौकट धरली. मग म्हणाली, "सगळे सांगतात, त्यांना काही कळलंच नाही. मला ते खरं वाटत नव्हतं." आणि आत येऊन भिंतीला टेकून बसली. काकू उठून तिच्याजवळ जाऊन बसली. काका मात्र उभाच होता.