ताराअक्का आन ईनबाईचा रस्सा

ताराअक्का कानानं रांधायची. म्हंजी हातानंच, पर हाताला हुकूम कानाचा. चुलीवर भाताचं पातेलं चढलं की ही झाकणापाशी कान न्यायची, डोळं मिटायची आन मला म्हणायची, "गप नाम्या, भात बोलतोय." मीबी कान लावायचो. मला भात कधी बोलला न्हाई. एकदा लईच जवळ गेलो तर कान भाजला, मग हप्ताभर टोपी तिरकी घालून हिंडलो. गावाला वाटलं, नाम्या पुढारी झाला.

अक्काचं घर आन माजं घर, मधी एक बांध. धरणाच्या कडंला आमची खाचरं. नवरा लवकर गेला, तवापासनं लोकाच्या खाचरात भात लावून आन रिसॉर्टवर भांडी घासून तिनं मिलिंदला मोठा केला. अंगानं काटकुळी, पर आवाज असा की वरच्या डोंगरावरची गुरं मागं वळून बघायची. अक्का जाऊन आता दोन पावसाळं झालं. गावात लई लोक गेलं, पर जेवायच्या येळंला ज्याची आठवण यावी असं माणूस येकच. मला तर दिसातनं तीनदा येती, चहाला धरून पाचदा.

पावसाळ्यात तीन महिनं त्यांच्या घरी वर्षावास असायचा. सांजंला विहारात वाचन, आन घरात मटान-मासळी बंद. आता बघा, धरण उशाला, वढ्याला चढणीचं मासं उड्या मारत्यात, आन ही बाई घेवड्याच्या शिरा काढत बसलेली. एकदा मी मोठ्या मायेनं पिशवीभर खेकडं घेऊन गेलो. अक्का म्हणली, "उंबऱ्याच्या भाईर ठिव. आन तूबी भाईरच ऱ्हा." खेकडं आन मी, दोगं पावसात. त्यातला येक मला चावला. बाकीच्यांनी दया केली.

मिलिंद पिरंगुटला कारखान्यात लागला, आन तितंच त्याला पेमा गावली. लांब सिक्कीमची पोरगी, बारीक डोळं, हसली की त्येबी गायब. ती बुद्धाचीच लेक, म्हणून अक्का खूश. विहारात लगीन लागलं. नळावर बाया म्हणल्या, "अक्का, चिनी सून आणली गं?" अक्का कळशी उचलत म्हणली, "चिनी असती तर सस्तात मिळाली असती. ही लई किमतीची हाय, लांबनंच बघा."

पेमा हिंदीत बोलायची, अक्का मराठीत. दोगींचं झकास चालायचं. माज्यासंगं मातूर अडायचं, कारण मी हिंदीत बोलायचो.

मग पेमाला दिस ऱ्हायले, आन भाद्रपदात तिला भाताचा वास सोसंना. आमच्याकडं आंबेमोहर शिजला की रस्त्यानं चाललेला माणूस थांबतो, आन ही पोरगी तोंडाला ओढणी लावून परसात पळायची. भाकरी न्हाई, वरण न्हाई, पाणीबी ठरंना. गालाची हाडं वर आली. पौडच्या डाक्टरीणबाई म्हणल्या, "पोटात काही राहिलं नाही तर अॅडमिट करावं लागेल." पेमानं तिला एकच इचारलं, "मैं आमा के पास जा सकती हूँ?" आमा म्हंजी तिची आई. डाक्टरीण म्हणली, "एवढ्या अशक्तपणात तीन दिवसांचा प्रवास? अजिबात नाही."

येताना माज्याच टेम्पोत बसली व्हती सगळी. पेमाला झोप लागल्यावर मिलिंद हळूच म्हणला, "आये, एक बरं झालं, डाक्टरीणच न्हाई म्हणली. ही गेली ना, तर परत यायची न्हाई. तितं तिची माणसं, तिची बोली. हितं काय हाय तिला?"

अक्का भाईर बघत बसली.

घरी आल्यावर तिनं पेमाच्या उशाला बसून इचारलं, "तू आजारी पडलीस की तुजी आमा काय घालायची गं?"

पेमा म्हणली, "नूडल्स, आई. सूप में. गरम गरम."

मिलिंद म्हणला, "आये, त्यात मटान असतंय."

"बिना मांस का भी बनाती है. पूर्णिमा को."

अक्काच्या तोंडावर उजेड पडला. "बघ! तिच्या आईचाबी नेम हाय." मग मिलिंदकडं वळून म्हणली, "हिच्या पोटासाठी मी माजा नेमबी मोडीन. पर आदी नेमात बसवून बघू." अक्काचं एक बोलणं व्हतं, "प्रत्येक भुकंला आपलं गाव असतंय. तितं गेल्याबिगर ती भागत न्हाई." आता सिक्कीमच्या भुकंला मुळशीतनं वाट काढायची व्हती.

पयली वाट मी काढली. पिरंगुटवरनं दोन मिनटात शिजणाऱ्या पुड्या आणल्या, चांगल्या डझनभर. अक्कानं पुडी फोडली, मसाला पडला, वास सुटला, आन पेमा परसात. त्या डझनभर पुड्या माज्याच घरी आल्या. माजी बायको म्हणली, "शेजारणीच्या सुनंला उलटी, आन नवऱ्याला मेजवानी."

दुसरी वाट अक्काची. उनाळ्यात खाटंवर वाळवलेल्या गव्हाच्या शेवया तिच्या डब्यात व्हत्या. म्हणली, "लांब हायेत, बारीक हायेत, आजून काय पायजे?" आन रांधल्या कशा? भातासारख्या! आमच्या भातगावात चुलीवर काय बी चढलं तरी ते भातासारखंच शिजतं. मापाचं पाणी, मंद जाळ, वर झाकण, झाकणावर वजन. अक्का कान लावून बसली. झाकण काढलं तर आत खळ. भिताडाला कागद चिकटवावा अशी. पेमानं बघितलं आन गप तोंड फिरवलं.

"टाकू नगं," मी म्हणलो, आन गूळ घालून सगळी खाल्ली. मग दुपारपतुर माजं दात एकमेकाला सोडंनात. बायको म्हणली, अक्काला सांगा, आसंच रोज करत जा.

तिसऱ्या दिशी अक्का मिलिंदला म्हणली, "तिच्या आईला लाव तो फोटूवाला फोन." चुलीपाशी फोन धरायचं काम माज्याकडं आलं. पलीकडं ईनबाई, म्हंजी पेमाची आमा, नेपाळीत, अलीकडं अक्का मराठीत, दोगी अशा वरडत व्हत्या जशा काय दोन डोंगरावरनं. "ईनबाई, पाणी किती?" तिकडनं काय तरी उत्तर यायचं. "आसं व्हय!" अक्का म्हणायची. आन ईनबाई सारख्या हसायच्या. मला वाटलं, आपला पाहुणचार आवडलाय. मग मिलिंद म्हणला, "नामाकाका, फोन उलटा धरलाय तुमी. त्यांना निस्तं तुमचं नाक दिसतंय." म्हंजी मघापासनं ईनबाई माजं नाकच मुळशी तालुका म्हणून बघत व्हत्या.

फोन सुलटा केला. ईनबाईनं कणीक मळली, हातावर वळून लांब दोऱ्या काढल्या, आन खळखळत्या पाण्यात सोडल्या. झाकण न्हाई, काय न्हाई. अक्का उठून उभीच ऱ्हायली.

"आगं बया! शेंगुळी की ही!"

आमच्याकडं हुलग्याच्या पिठाच्या अशाच वळ्या करून उकळत्या रश्शात सोडत्यात, त्येला शेंगुळी म्हणत्यात. थंडीत मीबी दोन वाट्या... बरं, दोन पातेली खातो. अक्का कपाळावर हात मारून म्हणली, "मी हिला भाताच्या घरात धुंडीत व्हते. ही तर शेंगुळ्याच्या घरातली!"

ईनबाईनं मग एक बरणी दावली, आत बांबूचं कोंब. अक्कानं माज्याकडं बघितलं. मी पळत वरच्या बेटात गेलो आन चांगला दणकट बघून आणला.

"नाम्या," अक्का म्हणली, "ह्येचं खायाचं हाय का घर बांधायचं हाय?"

मी परत गेलो, कोवळं आणलं. अक्कानं ते दोन पाण्यात उकडून कडूपणा काढला. गव्हाचं पीठ चाळून घट्ट मळलं आन पालथ्या परातीवर वळ्या वळल्या, शिवायच्या दोऱ्यावानी लांब. उकळत्या पाण्यात शिजवून गार पाण्यात काढल्या. दुसऱ्या पातेल्यात जरासं त्याल, लसूण, आलं, पातीचा कांदा, कोबी, गाजर, बांबू, वर पाणी, मीठ आन मिरी. हळद न्हाई, मसाला न्हाई. सवयीनं हात दोनदा मसाल्याच्या डब्याकडं गेला, दोन्ही बारीला तिनं तो दुसऱ्या हातानं धरून मागं आणला. मग वळ्या रश्शात सोडल्या आन कान लावला.

लई येळ झाला. मी इचारलं, "काय म्हणतंय?"

"कळंना रं," अक्का म्हणली. "ईनबाईच्या बोलीत बोलतंय."

आन मग तिनं आत बघून हाक दिली, "पेमा, ये गं. तूच ऐक. मला येत न्हाई ही भाषा."

इतक्या दिसांत त्या पोरगीला कुणी चुलीपाशी बोलावलं नव्हतं. सगळी तिला लांब बसवत व्हती. ती भिताडाला धरून आली, पातेल्यावर वाकली, वास घेतला. आमी सगळी परसाचं दार मोकळं करून उभी. ती आणखी वाकली. म्हणली, "हो गया, आई."

तितंच चुलीपाशी बसली आन वाटी तोंडाला लावली. अक्का तिच्या तोंडाकडं न बघता जाळ सारखा करत व्हती, जाळ सारखाच व्हता तरी. पेमानं दुसरी वाटी मागितली तवा अक्का फोनमधी बघून वरडली, "ईनबाई, खाल्लं!" हे ईनबाईला बराबर कळलं. त्यांनी पदरासारखं काय तरी डोळ्याला लावलं. मीबी एक वाटी घेतली. अर्ध्या वळ्या मिशीत ऱ्हायल्या.

मग रोज तेच. कधी दुधी घालून, कधी मक्याचं दाणं, कधी घेवडा. पेमाच्या गालावर मांस धरलं. दसरा झाला, आन डाक्टरीणबाई म्हणल्या, "छान! आता काळजी नाही."

मी बांधावरनंच वरडलो, "अक्का, जितलीस! आता कुटं जाती ही! रश्शानंच बांधून ठिवलीस."

अक्का भांडी पालथी घालत व्हती. म्हणली, "ऱ्हावं म्हणून न्हाई घातलं, नाम्या. जाता यावं म्हणून घातलं. मिलिंद, गाडीची तिकिटं काढ."

मिलिंद तापला. "आये, तूच धाडतीयास तिला?"

"पहिलटकरीण आईपाशी असावी. मला आई नव्हती. तुज्या येळंला मी खाटंची दोरी चावली रातभर. हिला आई हाय, तर ही का चावंल?"

"आन परत न्हाई आली तर?" हे मी इचारलं. मिलिंदच्या तोंडातलं काढून इचारलं.

अक्का म्हणली, "न्हाई आली तर न्हाई आली. जेवाय घातलं म्हंजी दावं लावलं व्हय रं?"

ठेसनापतुर न्यायला टेम्पोत गादी टाकली. मिलिंद संगं जाणार व्हता पोचवायला. पेमा अक्काच्या गळ्यात पडून रडली. अक्का रडली न्हाई, निस्तं तिचं केस कानामागं सारत ऱ्हायली.

पेमा आली परत. पुढचा पावसाळा सरल्यावर पोरगी कडंवर घेऊन आली. आता गाव म्हणतंय, अक्का लई हुशार, सुनंला जेवणानं धरून ठिवली. मी येडा माणूस, मला कोण इचारतंय. पर त्या दिशी टेम्पो मी चालवत व्हतो. ती येणार का न्हाई हे त्या बाईला ठावं नव्हतं. मिलिंद माघारी येस्तवर तिच्या घरात फकस्त ती आन चूल उरणार व्हती. मी गाडी चालू केली तशी ती खिडकीपाशी आली. मला वाटलं, आता सांगल, नाम्या थांब.

ती म्हणली, "सावकाश हाक. खड्डं बघून. पोरगी जेवलेली हाय."