एर्सिलियाच्या एकतीस काड्या

पंच्याऐंशीच्या जानेवारीत इटलीच्या तोस्काना प्रांतातली ऑलिव्हची झाडं गोठून मेली. वसंतात बुंध्यांना फुटवे आले तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं, पण झाडं होती कलमी. खालून फुटलं ते रानटी. एर्सिलियाच्या बापाचं झाडही गेलं, एक फांदी तेवढी हिरवी राहिली. त्या जातीचं दुसरं झाड आमच्या डोंगरावर नाही.

रोपवाटिकेत एर्सिलिया आणि मी वीस वर्षं एकाच टेबलाशी उभ्या. मी काड्या कापून जुड्या करायची, ती त्यांची बुडं औषधात बुडवायची. औषध म्हणजे आयबीए, कारखान्यात बनवलेलं संजीवक, स्पिरिटात विरघळवलेलं. त्याशिवाय ऑलिव्हची काडी मुळं धरायचं नावच काढत नाही. बुडवायची पाच सेकंद. पण घड्याळ कोण बघत बसतंय? आम्ही बायका ‘आवे मारिया’ म्हणतो, मेरीमातेची प्रार्थना. अर्धी प्रार्थना झाली की जुडी बाहेर.

“रानटीवर कलम कर आणि मोकळी हो,” मालक दुइलियो दरवर्षी तिला सांगायचे.

“म्हणजे पुन्हा थंडी पडली की खालून तुमचं रानटीच येणार. मला ते स्वतःच्या मुळांवर हवंय.”

दोन वर्षं तिने त्या फांदीच्या काड्या लावल्या. दोन्ही वर्षी बुडं काळी पडून कुजली. तिसऱ्या वर्षी फांदीच वाळायला लागली. जेमतेम एकतीस काड्या निघाल्या. यापुढे कापायला काही उरलं नव्हतं.

पहिली दहांची जुडी तिने औषधात धरली, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. सावकाश, एकेक शब्द मनापासून, थेट ‘आमेन’पर्यंत. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. दुसऱ्या जुडीला मी तिचं मनगट धरलं.

“अगं बाई, लोकांच्या काड्यांना अर्धी प्रार्थना, तीही भरभर. आणि बापाच्या झाडाला अख्खी? औषधात इतका वेळ धरून जाळतेयस तू त्यांना.”

“बापासाठी देवाचं नाव अर्ध्यावर टाकू?”

“मग बापाच्या नावाने कुजलेल्या काड्या मोज.”

मी जरा जास्तच बोलले. ती लालबुंद झाली. मग तिने जुडी पुन्हा उचलली.

“आकडे तू म्हण,” ती म्हणाली. “माझ्याच्याने व्हायचं नाही.”

मी एक ते पाच मोजले. दोनदा.

दोन महिने वाफ्यावर तुषार उडत राहिले आणि तिने कुणाला काडीला हात लावू दिला नाही. मग एका सकाळी ती एकेक काडी हलकेच ओढून पाहू लागली. पहिल्या दहा काळ्याठिक्कर. पुढच्याही येत गेल्या, बिनमुळांच्या. मला तिथे उभं राहवेना. दुइलियो म्हणाले, “पुरे कर, एर्सिलिया.” तिने ऐकलं नाही.

सव्विसावी ओढली, ती आली नाही. पुन्हा ओढली. भोवतालची माती हलली, काडी हलली नाही.

एर्सिलिया तिथेच खाली बसली आणि ढसाढसा रडली. वीस वर्षांत मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडले, खोटं कशाला बोलू. दुइलियो तिला हात द्यायला वाकले, तर तिने तो बाजूला सारला.

“थांबा,” ती नाक पुसत म्हणाली. “अजून पाच बघायच्यात.”